खेळा, पण बोलू नका!

सदर : रोजकीर्द

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. खाली गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड आणि वर सड्यावर आमच्या पंचक्रोशीतल्या वाड्यांची अंडरआर्म क्रिकेट स्पर्धा. मुंबईचे चाकरमानी सुट्टीला आलेले. मांडव घातलेला, लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री चाललेली, बाया-बापड्या कातळावर छत्र्या घेऊन बसलेल्या. आमच्या बौद्धवाडीचा संघ दोन सामने जिंकून उपांत्य फेरीत पोचला होता. वाडीला केवढा आनंद!

पोरांनी त्या दिवसासाठी वर्गणी काढून नवे टी-शर्ट छापून आणले होते. निळा रंग, छातीवर वाडीचे नाव, पाठीवर बाबासाहेबांचे चित्र. संघ मैदानात उतरायच्या आधी आयोजकांपैकी दोघे आले आणि म्हणाले, "हे चित्र चालणार नाही. मैदानावर राजकारण नको. टी-शर्ट बदला, नाही तर समोरच्या संघाला पुढे चाल देऊ."

समोरच्या संघाच्या टी-शर्टवर ग्रामदेवतेचे नाव होते. मांडवाच्या कमानीवर एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो होता. चषकावरही त्याचेच नाव. ते राजकारण नव्हते. बाबासाहेब तेवढे राजकारण!

पोरांनी माझ्याकडे पाहिले. मी वाडीतला शिकलेला, बी. कॉम. झालेला, कचेरीत नोकरी करणारा, सभेत बोलणारा. मी काय सांगितले असेल? वाचकहो, खरे तेच लिहितो. मी म्हणालो, "टी-शर्ट उलटे घाला आणि खेळा. सामना जिंका, तेच त्यांना उत्तर."

माझा पुतण्या संघाचा कप्तान. तो म्हणाला, "काका, बाबासाहेब आत आणि शिवण बाहेर? तुमी घालाल काय असा सदरा?"

मला उत्तर सुचले नाही. त्याने स्कोअर लिहिणाऱ्याकडून एक कागद मागून घेतला आणि त्यावर चार ओळी लिहिल्या. आम्ही कोणाचा अपमान केलेला नाही. सर्व संघांना एकच नियम असेल तर आम्ही टी-शर्ट बदलतो. नसेल तर खेळत नाही. खाली अकरा जणांच्या सह्या. कागद आयोजकांच्या टेबलावर ठेवला आणि पोरे निघाली. घोषणा नाही, शिवी नाही, स्टंपाला हात नाही.

घरी वहिनी संतापल्या. प्रवेश फीचे दोन हजार रुपये बुडाले. ते पैसे पोरांनी मजुरी करून जमवलेले. "काय मिळवलात?" हा त्यांचा प्रश्न. रोजकीर्द लिहिणाऱ्या माणसाला तो प्रश्न टाळता येत नाही. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा मला पालवणकर बंधूंची आठवण झाली. पुढच्या रविवारी विहारात पोरांना बसवून ती हकिकत सांगितली. तीच आज येथे मांडतो.

पालवणकर बाळू. चर्मकार समाजातले. १८७६ साली धारवाडला जन्म. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळ्या लावायच्या, हे त्यांचे काम. तिथे सरावाला आलेल्या साहेबांना चेंडू टाकता टाकता हा माणूस देशातला पहिल्या प्रतीचा डावखुरा गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू क्लबाला सामने जिंकायला बाळू हवे होते. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू सर्वांनी एकच हाताळायचा, पण कपबशी वेगळी!

१९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात संघाची दाणादाण उडाली, पण एकट्या बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. गोलंदाजी अस्पृश्याची चालेल, हुकूम चालणार नाही!

१९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांसाठी संघ निवडला गेला. बाळूंना वगळले आणि कर्णधारपद एम. डी. पै यांना दिले. पुढे पहिल्या सामन्याला पै येऊ शकले नाहीत. तेव्हा ती जागा आता अनुभवी विठ्ठल पालवणकरांकडे, बाळूंच्या धाकट्या भावाकडे, जाईल असे लोकांना वाटले. निवड समितीने दि. ब. देवधरांना कर्णधार केले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. नुसती माघार नाही, तर जाहीर निवेदन काढून कारण सांगितले. जातीमुळे आपल्याला डावलले जाते, हा अपमान आहे, आणि तो सोसून आम्ही खेळणार नाही.

विचार करा, साल १९२०. त्याच साली जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला होता. महाडचा सत्याग्रह सात वर्षे पुढे होता. अशा काळात दोन खेळाडू नाव घालून, सही करून बोलले. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, लोकमत हलले. अंतिम सामन्याला पै परतले, तेव्हा विठ्ठल-शिवराम पुन्हा संघात आले आणि वगळलेल्या बाळूंना बोलावून उपकर्णधार करण्यात आले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ जिंकला.

"खेळात राजकारण आणू नका" हे वाक्य त्या भावांनाही ऐकावे लागले असेल. पण राजकारण त्यांनी आणले की ते आधीपासून चहाच्या भांड्यात होते? ज्याला कपबशी मिळते त्याला ते भांडे दिसत नाही. ज्याला भांडे मिळते तो बोलला की 'राजकारण' होते!

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ हा अमेरिकेचा काळा धावपटू २०० मीटरची शर्यत जिंकला. जॉन कार्लोस तिसरा आला. पदक घेताना दोघे बूट काढून काळ्या मोज्यांनी उभे राहिले आणि राष्ट्रगीत चालू असता काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. आपल्या लोकांच्या गरिबीची आणि अपमानाची ती खूण होती. दोघांना ऑलिंपिकमधून घालवून दिले. त्या वेळी ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते एव्हरी ब्रंडेज. हेच ब्रंडेज १९३६ साली बर्लिनला अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते. तिथे नाझी सलाम झाले, त्याला त्यांनी हरकत घेतली नव्हती. सत्तेचा हात वर गेला तो रिवाज, आणि पिडलेल्याचा हात वर गेला तो गुन्हा!

त्या दोघांच्या शेजारी दुसऱ्या क्रमांकावर पीटर नॉर्मन नावाचा ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू उभा होता. त्याने मूठ वर केली नाही, पण त्यांच्या चळवळीचा बिल्ला छातीवर लावला. २००६ साली तो वारला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेत त्याची माफी मागणारा ठराव झाला. सोबत उभ्या राहणाऱ्याचेही महत्त्व असते, हे पोरांना मुद्दाम सांगितले.

आणि क्रिकेटमध्ये? मार्च २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारताचा संघ रांचीला लष्करी रंगाच्या टोप्या घालून खेळला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने परवानगी दिली होती. २०२१ च्या विश्वचषकात वर्णद्वेषाविरुद्ध आपल्या खेळाडूंनी गुडघा टेकला, तेही चालले. पण डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा उस्मान ख्वाजा बुटांवर 'सर्वांचे जीव समान आहेत' अशा अर्थाचे शब्द लिहून सरावाला उतरला, तर सामन्यात ते बूट घालायला मनाई झाली. त्याने दंडाला काळी फीत बांधली, तर त्याला ताकीद मिळाली. हुतात्मा जवानांसाठी टोपी घातली ती योग्यच होती. माझे म्हणणे एवढेच की मंडळाला मैदानावर 'बोलणे' मुळातच नको असते असे नाही. कोणाचे चालेल आणि कोणाचे नाही हे ते ठरवते. आमच्या सड्यावरच्या मंडळानेही तेच केले.

आता कोणी म्हणेल, "राज्यघटनेने भाषणस्वातंत्र्य दिले आहे ना? मग खेळाडूला कोण अडवणार?" एवढे सोपे नाही. अनुच्छेद १९(१)(क) भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो. पण त्याच्याच खाली १९(२) आहे. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्यास चिथावणी, या आठ कारणांसाठी सरकार कायद्याने वाजवी निर्बंध घालू शकते. मूलभूत हक्क अमर्याद नसतात, अमेरिकेतही नाहीत, हे खुद्द बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केले होते. मात्र 'वाजवी' हा शब्द लक्षात ठेवा. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो या कलमात आला. बक्षीस देणाऱ्या पुढाऱ्याला आवडत नाही, हे कारण त्या आठांत कुठेही नाही!

दुसरी अडचण अशी की हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. क्रीडा मंडळे, क्लब या बहुतेक खासगी संस्था. २००५ साली झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले की क्रिकेट नियामक मंडळ हे घटनेच्या अर्थाने 'राज्य' नाही. पण ते सार्वजनिक काम करते, म्हणून त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. शिवाय खेळाडू करार करतो, नियमांवर सही करतो. ऑलिंपिकच्या सनदेचा नियम ५० मैदानावर राजकीय, धार्मिक वा वांशिक प्रचार करू देत नाही. २०२१ साली टोकियोच्या आधी तो थोडा सैल झाला. सामना सुरू होण्यापूर्वी मत दाखवता येते, पदक घेताना नाही.

सही केल्याची अडचण मला चांगली कळते. मी सरकारी कारकून. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मला लागू आहेत. पक्षाचा प्रचार करता येत नाही, सरकारवर जाहीर टीका करता येत नाही. हे सदर लिहितानाही ते पुस्तक उशाला असते! त्याची मला खंत नाही. आज एका पक्षाचे सरकार, उद्या दुसऱ्याचे, आणि दाखला मागायला आलेल्या माणसाला कारकून कोणत्या पक्षाचा हे कळता कामा नये. हा निर्बंध मी वाजवी मानतो, कारण तो सर्व कर्मचाऱ्यांना सारखा आहे, आधीपासून लेखी आहे आणि त्याला कारण आहे. हेच तीन प्रश्न कोणत्याही मैदानावर विचारा. नियम सर्वांना सारखा आहे काय? आधी सांगितलेला आहे काय? त्याला खेळापुरते कारण आहे काय? आमच्या सड्यावर तिन्हींची उत्तरे 'नाही' अशी होती. नियम आमचा टी-शर्ट पाहिल्यावर जन्माला आला!

पण वाचकहो, मर्यादा आपल्यालाही आहे. त्याच संध्याकाळी आमच्या संघातल्या एका पोराने मोबाईलवर स्टेटस ठेवायला एक मजकूर लिहिला. त्यात समोरच्या वाडीच्या ग्रामदेवतेची चेष्टा होती, त्यांच्या बायकांबद्दल घाणेरडा शब्द होता. मला दाखवला म्हणून बरे झाले. मी म्हणालो, "सकाळी तू सही केलास त्या कागदावर काय लिहिले होते? 'आम्ही कोणाचा अपमान केलेला नाही.' रात्री तोच कागद फाडतोस?" त्याने मजकूर पुसला, पण रागाने. त्याचा राग मला समजतो. तरी आपली बाजू मांडणे वेगळे आणि दुसऱ्याची विटंबना करणे वेगळे.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताच्या महिला हॉकी संघाचा पराभव झाला. तेव्हा वंदना कटारिया या दलित खेळाडूच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवले, नाच केला आणि जातीवरून बोलले. त्याच वंदनाने काही दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एका सामन्यात तीन गोल केले होते! तिच्या कुटुंबाने तक्रार दिली, पोलिसांनी अटक केली. घरासमोर नाचणाऱ्यांनीही 'आमचे स्वातंत्र्य' म्हटले तर आपण मान्य करू काय? मुळीच नाही. मग जी रेघ त्यांच्यासाठी ओढतो ती आपल्या पोरांसाठीही तिथेच राहिली पाहिजे.

आणि बोलण्याची किंमत पडते, हेही पोरांपासून लपवले नाही. २०२३ साली देशासाठी पदके आणलेल्या महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर रस्त्यावर झोपल्या. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. अध्यक्षांनी ते नाकारले. २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघालेल्या कुस्तीगिरांना पोलिसांनी उचलून नेले. दोन दिवसांनी ते पदके गंगेत सोडायला हरिद्वारला गेले, लोकांनी कसेबसे थांबवले. त्यांनी आधी आतल्या आत तक्रारी केल्या नव्हत्या काय? दाराशी कोणी ऐकत नाही तेव्हाच माणूस रस्त्यावर येतो. वहिनींचे दोन हजार रुपये त्या मानाने लहान रक्कम. पण मजुरीच्या घरात लहान रक्कम लहान नसते, म्हणून वाडीने वर्गणी काढून ते पैसे भरून दिले. पोरांनी बोलायचे आणि त्याचा भार त्यांच्या आयांनी एकट्याने सोसायचा, हे बरोबर नाही.

आता शेवटची गोष्ट, जी सांगताना मीही थोडा अडखळलो. ज्या बाळूंच्या सत्कारासाठी तरुणपणी बाबासाहेबांनी मानपत्र लिहिले, तेच बाळू पुढे बाबासाहेबांच्या विरोधात गेले. स्वतंत्र मतदारसंघ त्यांना मान्य नव्हते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. विहारात एका पोराने लगेच विचारले, "मग काका, आपण त्याचं नाव कशाला घ्यायचं?"

मी म्हणालो, याचसाठी घ्यायचे. आपल्या बाजूने बोलणाऱ्याचे स्वातंत्र्य कोणालाही प्रिय असते. आपल्या विरुद्ध उभा राहिला तरी त्याचे ११४ बळी आणि त्याच्या भावांचे १९२० सालचे निवेदन आपण खोडत नाही, हीच आपली परीक्षा. खातेवहीतली जुनी जमा नंतरच्या नावे रकमेमुळे पुसली जात नाही, दोन्ही नोंदी राहतात. बाबासाहेबांनी बाळूंना मतपेटीत हरवले, तोंड बंद करून नाही. लोकशाही म्हणतात ती हीच.

यंदाच्या स्पर्धेचे पत्रक परवा वाडीत आले. त्यात नवा नियम आहे. टी-शर्टवर फक्त संघाचे नाव आणि नंबर, सर्व संघांना लागू. समोरच्या वाडीच्या दोन खेळाडूंनीच बैठकीत हा विषय काढला, असे कळले. पुढाऱ्याचा फोटो मात्र पत्रकावर आहे तसाच आहे! पोरांनी विहारात बसून दीड तास चर्चा केली. मी कोपऱ्यात गप्प बसलो. या वेळी सल्ला दिला नाही. ठरले असे की, नियम सारखा झाला, तर खेळायचे. बाबासाहेबांचे चित्र पाठीवरून उतरवायचे, कारण तसे आपणच लिहून दिले होते. आणि प्रवेश फीबरोबर दुसरा कागद द्यायचा, कमानीवरच्या फोटोलाही हाच नियम लावा म्हणून. त्यावर अकरा सह्या झाल्या.

मग पुतण्याने कागद माझ्यापुढे धरला. म्हणाला, "काका, बारावी सही तुमची. प्रेक्षक म्हणून."

नियमाचे पुस्तक मनात चाळून पाहिले. गावच्या क्रिकेट मंडळाला विनंती करायला कारकुनाला मनाई असल्याचे मला त्यात कुठे आढळले नाही. सही केली.

जयभीम!